दाराकडचा कान

“पाय मेला माझा, आणि ही शिकवणारी बया म्हणते मन जागं ठेवा,” शेजारच्या चटईवरून कुजबुज आली. “खोकायचं नाही, खाजवायचं नाही, बोलायचं तर नाहीच नाही. मग घर काय वाईट होतं?”

वैजयंती मगदूमने डोळे मिटलेलेच ठेवले, पण ओठाचा एक कोपरा हललाच. कुजबुजणारे होते निवृत्त पोस्टमास्तर आवटी. मिरजेतल्या त्या ध्यानवर्गात ते रोज सकाळी तिच्या डावीकडे बसत आणि पाऊण तासात असं एकदा तरी पुटपुटत. बाकीच्या साधकांना त्याचा राग यायचा. वैजयंतीला मात्र वाटायचं, चला, दिवसभरात कुणीतरी आपल्या कानाशी एक वाक्य बोललं. आवटी गावाला गेले की तिची सकाळ अळणी जायची.

खरं सांगायचं तर ती ध्यानासाठी तिथे जातच नव्हती. आई गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की फ्रिज आपसूक चालू झाला तरी ती दचकायची. कुणीतरी सुचवलं, वर्ग लाव, चार माणसं भेटतील. चार कसली, चाळीस भेटली. पण सगळी डोळे मिटून. वर्ग सुटल्यावरही मौनातच घरी जायचं, असा तिथला दंडक. सोबत शोधायला निघालो आणि नेमके न बोलणाऱ्यांत येऊन बसलो, ह्याचं तिला पहिल्या दिवशी भयंकर हसू आलं होतं. तरी ती टिकली, नऊ वर्षं. चाळीस माणसं एका खोलीत श्वास घेतात त्याला एक आवाज असतो, दूरवर कुणीतरी अंगण झाडत असल्यासारखा. तेवढा तिला पुरायचा.

आणि श्वासाशी तिचं जुनं नातं होतंच. एकतीस वर्षं तिने एका इस्पितळात एक्स-रे काढले. “श्वास घ्या. रोखा. सोडा.” दिवसातून शंभरदा. लोकांनी आयुष्यात तिचं काही ऐकलं असेल तर ते एवढंच.

त्या दिवशी वर्गात पुण्याच्या क्रीडाविज्ञान संस्थेची माणसं आली होती. त्यांनी प्रत्येकाच्या छातीभोवती चार बोटं रुंदीचा मऊ पट्टा बांधला, पाऊण तास बसवलं, घंटा वाजल्यावर पट्टे सोडून घेतले आणि आभार मानून गेली. आवटींनी जाता जाता नियम मोडून तिला विचारलं, “काय हो, आपलं माप घेऊन गेले की काय? सदरे शिवणार असतील.”

तीन आठवड्यांनी तिच्या दाराची बेल वाजली. बेल इतक्या दिवसांनी वाजली, की आधी तिला वाटलं शेजारच्यांची.

दारात त्या पुण्याच्या संस्थेचे डॉ. ओजस रेगे उभे होते. पस्तिशीचे, केस विस्कटलेले, पायपुसण्यावर जरुरीपेक्षा जास्त वेळ पाय पुसणारे. तिने चहा टाकला. दुसरा कप माळ्यावरच्या खोक्यातून काढावा लागला, हे त्यांना कळू नये म्हणून तिने तो विसळताना नळ मोठा सोडला.

“जोराचा सराव झाला ना, की शरीराला वाटतं वाघ मागे लागलाय,” रेगे समजावू लागले. “शर्यत संपते, पण शरीराला ते कळायला वेळ लागतो. कधी दोन-दोन दिवस ते पळायच्याच तयारीत राहतं. आणि धोका टळला असं पटल्याशिवाय ते दुरुस्तीला हात घालत नाही. स्नायूंमध्ये बारीक बारीक चिरा पडलेल्या असतात, त्या तशाच राहतात. त्यावरच दुसऱ्या दिवशीचा सराव.”

“घरात पाहुणे असले की आपण गळका नळ काढून बसत नाही, तसं,” वैजयंती म्हणाली.

रेग्यांना ते फारच आवडलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग सांगितलं, की मेंदूतून निघून मानेवाटे हृदयाकडे आणि पोटाकडे उतरणारी एक लांब नस असते. झालं, आता टेक, असं शरीराला सांगणारी तीच. श्वास सावकाश सोडला की ती कामाला लागते. श्वास घेताना हृदय किंचित भरभर चालतं, सोडताना मंदावतं. हा चढउतार जितका मोठा, तितकी माणसाची झीज लवकर भरून येते. ध्यान करणाऱ्यांमध्ये तो मोठा असतो. शिवाय शर्यतीतही त्याचा उपयोग. मन पुढच्या वळणावर किंवा मागच्या चुकीवर न जाता ह्याच पावलावर राहतं.

“मग शिकवा की खेळाडूंना ध्यान.”

“शिकवतो. फायदाही होतो. पण मुरायला वर्षं लागतात, आणि खेळाडूच्या हातात असतात तीन-चार हंगाम.” रेगे पुढे सरकून बसले. “म्हणून आम्ही वेगळी वाट काढली. तान्हं बाळ आईच्या छातीवर निजतं तेव्हा त्याचा श्वास हळूहळू आईच्या श्वासाला लागतो, पाहिलंय ना? मोठ्यांमध्येही ती ओढ शिल्लक असते. एकाने ध्यानाला बसायचं. त्याच्या छातीवरचा पट्टा प्रत्येक श्वास टिपतो आणि दुसऱ्या गावातल्या खेळाडूच्या पट्ट्याला कळवतो. तो पट्टा खेळाडूच्या बरगड्यांवर तसाच हलका दाब देतो. दहा मिनिटांत खेळाडूचा मेंदू त्या श्वासामागून चालू लागतो. बसणाऱ्याची दहा वर्षांची साधना त्याला उसनी मिळते.”

“मग माझा श्वास एकदाच भरून ठेवा नि वाजवत बसा. मी कशाला रोज?”

“करून पाहिलं. तीन दिवसांत शरीर ओळखतं. कॅलेंडरवरच्या देवासारखं होतं ते. हसतो, पण पापणी लवत नाही. समोर जिवंत माणूसच लागतो.” त्यांनी चहा संपवला. “आम्ही चार हजार लोकांचे आलेख काढले. तुमच्यासारखा दुसरा नाही. इतका खोल, इतका… म्हणजे एक तरंग नाही त्यावर. किती वर्षांचं ध्यान आहे तुमचं?”

इथे तिने सांगायला हवं होतं, की बाबा रे, मला ध्यानबिन काही येत नाही. मी नुसती बसते. पण समोरच्या कपातून वाफ निघत होती, समोर माणूस होता, आणि तो परत येण्याची शक्यता होती.

“नऊ वर्षं,” ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

नियम तीन होते. खेळाडूला भेटायचं नाही, बोलायचं नाही, नाव विचारायचं नाही. जीव गुंतला की श्वास हलतो, असं कारण. वैजयंतीची सोबत होती ‘क्रमांक सात’. सकाळी सातला एक बैठक, संध्याकाळी पाचला दुसरी. त्यामुळे ध्यानवर्ग सुटला आणि आवटींची कुजबुजही सुटली.

पहिल्या दिवशी पट्टा बांधून ती भिंतीला टेकून बसली. हा पट्टा थोडाबहुत उलटही बोलायचा. समोरच्याचा श्वास इकडे अगदी पुसट, पाठीवर कुणी पालथा हात ठेवावा तसा लागायचा. सुरुवातीला नुसती धडपड. कुणीतरी जिना चढून येतंय, रागाने येतंय, दार आपटणार आहे. मग एकेक पायरी सावकाश झाली. मग ते कुणीतरी येऊन बसलं. तिच्या पाठीला पाठ लावून.

वैजयंतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पट्ट्याला कळलं नाही, कारण तिचा श्वास हलला नाही. न हलवता रडण्याची तिला सवय होती.

नाव विचारायचं नव्हतं. पण वर्तमानपत्र वाचायला बंदी नव्हती. ज्या दिवशी क्रमांक सातचा श्वास तुटका-तुटका आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी होती: वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत स्वराली खोत तिसरं लाल कार्ड मिळून बाद, पंचांशी हुज्जत. हीच आपली क्रमांक सात, हे ओळखून ती बातमी तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मग ह्या खेळाचं जेवढं मिळालं तेवढं वाचून काढलं. चालण्याच्या शर्यतीत एक ना एक पाय जमिनीला टेकलेला दिसलाच पाहिजे आणि पुढचा गुडघा ताठ हवा. बघणाऱ्याला हसू येतं, बदकांचा मोर्चा निघाल्यासारखं दिसतं. पण राग आला, घाई झाली, की पाऊल नकळत उडतं, चालणारा पळू लागतो, आणि पंच कार्ड दाखवतात. स्वरालीचं नेहमी हेच व्हायचं. पायांत ताकद मायंदाळ, आणि डोकं चुलीवर.

आठ महिन्यांत चित्र पालटलं. स्वराली एक तास चौतीस मिनिटांवरून एकोणतीसवर आली. कार्ड एकही नाही. कठीण सरावाच्या दुसऱ्याच दिवशी ती ताज्या पायांनी मैदानात उतरायची. एका बातमीत प्रशिक्षक नरवणे म्हणाले होते, “आता ती यंत्रासारखी चालते.” वैजयंतीने तेही कापून चिकटवलं. घरी पोळ्या लाटताना ती आता कधी कधी बोलायची, “आज पोटरी दुखतेय ना गं? असू दे. बसू आपण पाचला.” दिवसाला दोन टोकं आली होती, आणि मधला वेळ त्या दोन टोकांना बांधलेल्या दोरीवर वाळत घातल्यासारखा जायचा. इतकं सुख तिला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

आशियाई स्पर्धेची निवड चाचणी महिन्यावर आली, त्या सुमारास एका दुपारी बेल वाजली. दारात पंचेचाळीस-पन्नासची एक बाई. हातात स्टीलचा डबा, पायांत धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला.

“मी रूपाली खोत. स्वरालीची आई. आजऱ्यास्नं आलोय.” कोल्हापूरकडच्या बायकांसारखी ती स्वतःविषयी पुरुषासारखं बोलत होती. “ते पट्टं दुरुस्त करणारा आमच्या गावचाच हाय. त्याच्या मानगुटीवर बसून पत्ता काढला. त्याला रागावू नगा.”

भेटायचं नाही, हा नियम खेळाडूपुरता होता. आईबद्दल कागदात काही लिहिलं नव्हतं. वैजयंतीने तिला आत घेतलं. माळ्यावर न गेलेला दुसरा कप फळीवरच होता. डब्यात धपाटी निघाली. रूपालीने चहा बशीत ओतला, पण प्यायली नाही.

“ताई, तुमी तिला काय शिकवतासा?”

“काहीच नाही. आम्ही बोलतसुद्धा नाही.”

“मग आमची पोरगी गेली कुटं?”

वैजयंतीला प्रश्न कळला नाही.

“आदी जाळ हुती जाळ. दिवसातनं तीनदा फोन. मी उचलला न्हाई तर शेजारणीला फोन, तिनं न्हाई उचलला तर किराणावाल्याला. ‘आई मेली का जिवंत हाय बघून या’ म्हणून त्याला पाठवायची. माझ्याशी भांडायची, बाशी भांडायची, कोंबडीशी भांडायची. आता फोन मीच करतो. उचलती. ‘बरी आहे’ म्हणती. गप बसती. मी ठेवला की ठेवती.”

“सराव असतो फार…”

“सासरं गेलं माजं, श्रावणात. त्यांच्या खांद्यावर वाढली ही. आली, पाया पडली, जेवली, ताट घासून पालथं घातलं. मी म्हटलं, पोरी, रड की. तर म्हणती, ‘आई, काही वाटत नाहीये गं. वाटलं की सांगते.’ वाटलं की सांगते! जशी काय यष्टी येणार हाय फलाटावर!” रूपाली हसली आणि हसता हसता तिने पदराने तोंड दाबलं. “गणपतीला ये म्हटलं, तर ‘कशाला?’ म्हणाली. रागानं न्हवं, ताई. रागानं म्हणाली असती तर मी नारळ फोडला असता. तिला खरंच कळत न्हवतं कशाला ते. आन गाव म्हणतंय, पोरगी किती शाणी झाली. ट्रेनर म्हणतोय, लई शांत झाली. मी कुणाला सांगू? पोरगी शांत झाली म्हणून कुणी रडतंय व्हय?”

ती गेल्यावर वैजयंती बराच वेळ धपाट्यांकडे बघत बसली. “कशाला?” हा शब्द तिच्या ओळखीचा होता. दिवाळीला आकाशकंदील. कशाला? चुलतबहिणीकडचं केळवण. कशाला? रागाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीला रेग्यांच्या तात्पुरत्या प्रयोगशाळेत गेली.

“बैठकीतले आलेख मी पाहिलेत,” ती म्हणाली. “उठल्यानंतरचे दाखवा.”

“उठल्यानंतरचे आम्ही मोजत नाही.” रेगे थांबले. “नव्हतो मोजत. घंटा झाली की पट्टे काढून घ्यायचो, तुमच्या वर्गातही तसंच केलं. गेल्या महिन्यात स्वराली, म्हणजे क्रमांक सात, पट्टा काढायला विसरली. दिवसभर अंगावर राहिला. मग ताडून बघायला क्रमांक तीनच्या सोबत्यालाही दिवसभर बांधून ठेवायला सांगितलं.”

त्यांनी पडद्यावर दोन रेषा आणल्या.

“माणूस कळपातला प्राणी आहे, मॅडम. कितीही निवांत असला तरी मेंदूचा एक कोपरा दुसऱ्याच्या चाहुलीवर असतो. कोण आलं, कोण हाक मारतंय, कोण अजून आलं नाही. चाहूल लागली की श्वास किंचित अडखळतो, ते पट्ट्याला कळतं. आम्ही त्याला आपसात ‘दाराकडचा कान’ म्हणतो. ध्यानात तो कान थोडा वेळ निजतो, म्हणून तर विश्रांती इतकी खोल. डोळे उघडले की तो परत जागा होतो.” त्यांनी वरच्या रेषेवर बोट ठेवलं. “हा क्रमांक तीनचा सोबती. तीस वर्षं ध्यान करतो, घरात नऊ माणसं. उठला की लगेच बघा, कान टवकारला. त्याचा खेळाडू हसतो, भांडतो, आणि झीजही भरून येते. पण सातच्या वेगाच्या जवळपासही नाही.”

“आणि ही खालची सातची?”

“हो.”

खालची रेषा बैठक संपल्यावरही तशीच सपाट गेली होती. नाश्ता, सराव, फोन, जेवण. एकदाही दाराकडे न वळता.

“माझी काढली तर कशी येईल?”

रेग्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या जागी ठेवला. “तपासायला हवं,” ते म्हणाले.

एकतीस वर्षं वैजयंतीने उजेडासमोर फिल्म धरून उभे राहिलेले डॉक्टर पाहिले होते. रुग्णाचा नातेवाईक शेजारी असला की ते हेच म्हणत. त्याचा अर्थ तिला पाठ होता.

घरी येताना तिने ठरवलं, की आपला कान आपणच जागा करायचा. आवटींना सपत्नीक चहाला बोलावलं. आवटीबाईंनी आपल्या गुडघ्यांचा इतिहास सांगितला, तिने तो सगळा ऐकला. मग पिशवी भरून ती विश्रामबागेत चुलतबहिणीकडे, सुनंदाकडे, राहायला गेली. तिथे पाच माणसं, एक मिक्सर आणि दह्याच्या विरजणावरून रोजचं महाभारत. पहिल्या दिवशी तिचं डोकं भणाणलं. दुसऱ्या दिवशी सुनंदाच्या सुनेने तिच्याकडून केस विंचरून घेतले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आतल्या खोलीत पट्टा बांधून बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण ऐकतोय. बाहेरून सुनंदा “वैजू, चहा!” अशी हाक मारेल, ती आता मारेल, अजून कशी नाही मारली? पाठीवरचा श्वास अडखळला, गोंधळला, पुन्हा जिना चढू लागला.

चौथ्या दिवशी रेग्यांचा फोन आला.

“मॅडम, काही वेगळं केलंत का? सातचे पाय दोन दिवस भरून येत नाहीयेत. काल सरावात कार्ड मिळालं असतं, असं नरवणे सर म्हणत होते. चाचणी बारा दिवसांवर आहे.”

“बहिणीकडे आलेय राहायला.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“एवढे बारा दिवस… आधीसारख्या राहाल का?”

“म्हणजे कशी?”

“म्हणजे, आपली… शांत.”

ती त्याच दुपारी मिरजेला परतली. कुलूप काढलं. पाचला भिंतीला टेकून बसली. घराने तिला दोन मिनिटांत ओळखलं आणि आपल्या पोटात घेतलं. पाठीवरचा श्वास आला, चाचपडला, आणि सुटकेचा एक लांब निःश्वास टाकून तिच्या श्वासाला लागला. दोघी पाठीला पाठ लावून खाली खाली उतरू लागल्या, जिथे कुणाची हाक पोचत नाही अशा ठिकाणी. इतकं बरं वाटलं तिला, की त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

तीन दिवस ती तशीच बसली. तीन दिवस स्वतःला समजावत राहिली. पोरीचं आयुष्य ह्या चाचणीवर उभं आहे. आठ वर्षं राबलीय ती. मग बघता येईल. ह्या सगळ्या कारणांच्या तळाशी एक कारण होतं, तेही तिला स्वच्छ दिसत होतं: पट्टा सुटला, की पाच वाजता पाठीला पाठ लावायला कुणी येणार नाही. परत कधीच नाही. त्या पहिल्या दिवशी समोर वाफाळणाऱ्या चहाच्या कपाने तिला फसवलं नव्हतं. तिने स्वतःच सोबतीची किंमत ठरवून घेतली होती, आणि ती ह्या पोरीने चुकती करायची होती.

चौथ्या दिवशी सकाळची बैठक संपल्यावर तिने रूपालीला फोन लावला. “पाचगणीला स्वरालीचं शिबिर आहे ना? चला. मी येतेय.”

पठारावर ऊन होतं आणि वारा कपडे ओढत होता. सराव नुकताच संपला होता. नरवणे सर घड्याळाकडे बघून खूश होते. रेगे तिथेच होते. वैजयंतीला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी तिला अडवलं नाही. एका बाकावर स्वराली बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. वैजयंतीला वाटलं होतं त्याहून ती लहान चणीची होती, कानाजवळ तीळ होता. तीळ कुठल्याच बातमीत नव्हता.

“आई, कशी आलीस?” स्वराली म्हणाली. आवाजात गोडवा होता. फक्त तो कुणासाठीही असता.

“यष्टीनं,” रूपाली म्हणाली आणि तिचा हात हातात घेतला. हात तिने घेऊ दिला, जसा परिचारिकेला नाडी बघायला देतात.

वैजयंती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. कुणीच ओळख करून दिली नाही. मग स्वरालीने मान वळवली आणि तिच्या खांद्याकडे, तिच्या छातीच्या संथ वर-खाली होण्याकडे बघत राहिली.

“तुम्हीच का?”

“मीच.”

“मला वाटलं होतं, एखादे संन्यासी असतील.” ती किंचित हसली. “फार छान शिकवलंत तुम्ही, काकू. पूर्वी मला केवढा त्रास व्हायचा. सगळ्यांचा.”

रूपालीने मान दुसरीकडे फिरवली. नरवणे सरांनी घसा साफ केला. स्वरालीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“काय झालंय? असे का बघताय सगळे?”

“काही नाही गं,” नरवणे सर म्हणाले. “पाणी पी.”

“धपाटी आणल्यात बाळा, तुला आवडत्यात तसली,” रूपाली म्हणाली.

“नेहमीची तपासणी आहे,” रेगे म्हणाले.

तिघं तीन दिशांना बघत होती. स्वरालीने मान डोलावली. वर्षापूर्वीची असती तर बूट फेकून मारला असता, खरं काय ते ओकवलं असतं. तिने फक्त “बरं” म्हटलं, नाड्या बुटांत नीट खोचल्या आणि उठून खोलीकडे चालू लागली. सुंदर चालत होती. एकही पाऊल उडत नव्हतं.

“थांब,” वैजयंती म्हणाली.

“मॅडम, आठ दिवस!” नरवणे सर दबक्या आवाजात म्हणाले. “फक्त आठ दिवस राहिलेत हो!”

“माहीत आहे मला.” ती उठली. श्वास, चार हजारांत एक असलेला तिचा श्वास, वेडावाकडा झाला होता. तिने तो तसाच होऊ दिला. स्वराली वळून उभी होती, नम्र, रिकामी, कशाचीच घाई नसलेली. आरशात बघावं तशी वैजयंती तिच्याकडे बघत राहिली.

“मला ध्यान येत नाही, स्वराली,” ती म्हणाली. “कधीच आलं नव्हतं. तुला माझ्याकडून मिळतेय ती शांतता नव्हे गं. माझी वाट बघणारं घरी कुणी नाही, आणि मीही कुणाची वाट बघायचं सोडून दिलंय. ह्यांच्या यंत्राला त्यातला फरक कळत नाही. मी एकटी आहे, पोरी. आणि तो एकटेपणा मी तुला रोज दोन वेळा पाजतेय.”